आरसा झालेले रोल

क्रिंगिलाच्या चढावर राहणाऱ्या बायका कपडे वाळत घालण्याआधी दोरीवरून एक बोट फिरवतात. बोट काळं निघालं की समजायचं, वारा कारखान्याकडून येतोय, टोपली परत आत न्यायची. दाफिना वेल्यानोव्स्काला ही सवय अशी जडली होती की ती जाईल तिथे बोट फिरवायची. वाण्याच्या फळीवर, चर्चच्या कठड्यावर, नवऱ्याने रंगवलेल्या दारावर. बोट फिरवायचं आणि अवाक्षर न बोलता नवऱ्याकडे बघायचं. किरो म्हणायचा, "हिच्या बोटानं मला जन्मभर नापास केलंय."

त्याच बोटावर तिची भाकरी चालली होती. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात ती रोल शॉपला होती. पत्रा दाबून पातळ करणारे ते भलेथोरले रोल चालून चालून झिजतात, त्यांना ओरखडे पडतात. मग ते क्रेनने उचलून रोल शॉपला आणायचे, ग्राइंडरवर चढवायचे आणि फिरत्या दगडाखाली घासून परत गुळगुळीत करायचे. रोलावर केसाएवढी रेघ राहिली तरी ती पत्र्यावर उमटते, आणि तो पत्रा कुणाच्या फ्रिजचं दार झाला की ती रेघ त्या घरात कायमची मुक्कामाला येते. दाफिनाच्या हातून गेलेल्या रोलाला रेघ नसायची. जेवणाच्या सुट्टीत मिलमधले गडी मुद्दाम येऊन तिच्या रोलात बघून भांग पाडायचे. ती त्यांना फडकं घेऊन हाकलायची, पण हाकलायला जरा उशीरच करायची.

हे काम तिला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. मॅसेडोनियात बितोलाजवळच्या गावात तंबाखूची पानं सुईदोऱ्याने ओवता ओवता ती मोठी झाली, लग्न होऊन किरोच्या मागोमाग बोटीने इथे ऑस्ट्रेलियात आली. किरो कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, लागला. बायकांना मात्र कारखान्यात काम नव्हतं. काम जड आहे, झेपायचं नाही, असं ऐकवून फाटकावरूनच परत लावत. मग बायकांनी त्याच फाटकासमोर तंबू ठोकला. मॅसेडोनियन, चिलीच्या, तुर्की, सगळ्या जणी. दाफिना त्या तंबूत घरी पालक भरून भाजलेली पाई घेऊन जायची आणि फाटकातून येणाऱ्याजाणाऱ्या गड्यांना विचारायची, तुझ्या आईनं कधी जड उचललंच नव्हतं का रे? शेवटी दार उघडलं. आधी तिच्या वाट्याला कोक ओव्हनची झाडलोट आली, मग पुरुषांच्या न्हाणीघरांची सफाई. रोल शॉपमधला म्हातारा पोलिश कारागीर घरी बसला, त्याच्या ग्राइंडरसाठी माणूस मिळेना, तेव्हा कुठे फोरमन मर्व्ह हॅडोने नाइलाजाने हिला उभं केलं. मर्व्हला वाटलं होतं, आठवड्यात रडत जाईल. पुढे तोच दुसऱ्या खात्यांत जाऊन सांगू लागला की असा हात या किनाऱ्यावर दुसरा नाही. तिला तो डॅफ म्हणायचा. रोज सकाळी त्याने मारलेली पहिली डॅफची हाक तिला ऐकू यायची नाही. दुसरी यायची.

तिच्या हाताखाली इनेस होती, चिलीची, कॅन्टीनमधून नुकतीच इकडे आलेली. दाफिनाहून वयाने मोठी, नातवंडांची आजी. कामावर ती अजून कच्ची होती, आणि तिला पक्की करायची की नाही ते दाफिनाच्या शब्दावर ठरायचं होतं. त्यामुळे इनेस तिला आदर दाखवायची, म्हणजे तोंडावर फार बोलायची नाही. मनातलं स्पॅनिशमधून ग्राइंडरला सांगायची.

त्या सुमाराला कारखान्याच्या समुद्राकडच्या टोकाला एक बंदिस्त शेड उभी राहिली होती. नेहमीची रीत लांब वळशाची: पोलादाची जाडजूड लादी ओतायची, ती परत तापवायची, मग एकामागून एक रोलांमधून रेटत रेटत तिचा पत्रा करायचा. त्या शेडमध्ये हा वळसाच काढून टाकायचा खटाटोप चालला होता. तांब्याचे दोन रोल शेजारी शेजारी, आतून थंड पाणी खेळतंय, दोघं एकमेकांकडे फिरताहेत, आणि वरून त्यांच्यामधल्या खोबणीत वितळलेलं पोलाद पडतंय. रोलांना टेकलं की ते गोठायला लागावं, दोन बाजूंच्या दोन सायी मध्ये एकमेकींना चिकटाव्यात आणि खालून थेट पत्रा बाहेर यावा, न थांबता, वरचं पोलाद संपेपर्यंत. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खाली पत्र्याऐवजी चिंध्या यायच्या, नाहीतर गोळा. गडी त्या शेडला चर्च म्हणायचे, कारण आत गेलेला प्रत्येक जण शेवटी हात जोडूनच उभा राहायचा.

थट्टा करायचे, पण डोळा सगळ्यांचा तिकडेच असायचा. कारखान्यात माणसं कमी करायला लागून बरीच वर्षं झाली होती. चढावरच्या कितीतरी घरांतले बाप दिवसा अंगणात दिसायचे. ते चर्च पावलं तर पोरांना तरी काम मिळेल, असं म्हातारे कॉफी पिताना एकमेकांना सांगायचे आणि नजर लागू नये म्हणून तीनदा थुंकायचे.

त्या शेडचे रोलही घासायला दाफिनाकडेच यायचे. आतापर्यंत ते मिलच्या रोलांसारखेच आरशासारखे करून पाठवायची रीत होती, आणि तिच्याइतका आरसा कुणी करत नव्हतं. पण पत्रा काही फाटायचा थांबत नव्हता. तिथला इंजिनियर ॲलन ट्रेमेन हा मितभाषी माणूस, सदा पेन्सिल चावणारा. गेला सगळा हिवाळा तो लहान लहान तुकड्यांवर काही तरी करून बघत होता आणि शेवटी त्याने रोलांची एक नवीच जोडी बाहेरून करून मागवली.

ती जोडी आली उन्हाळा सरताना, एका शुक्रवारी दुपारी. मर्व्ह लेकीच्या लग्नासाठी रजेवर. पेटीवर चिठ्ठी होती: गोलाई तपासा, तेल पुसा, शेडला पाठवा. चिठ्ठीत काही गुंतागुंत नव्हती, आणि दाफिनाने ती इनेसला वाचूनही दाखवली. मग तेलकट कागद सोडवला आणि सवयीने बोट फिरवलं.

बोट अडकलं. अख्ख्या रोलावर बारीक बारीक कंगोरे, कानशीसारखे. दुसऱ्यावरही तसेच. तिने गोलाई तपासली, ती बरोबर होती, म्हणजे तर तिची खात्रीच पटली: बाहेरच्या कारागिराने लेथवरून उतरवून हत्याराच्या रेघा तशाच ठेवून दिल्या होत्या. अर्धं काम. दाफिनाला रागापेक्षा लाजच जास्त वाटली, जणू शेजारणीची सून परकर नीट न बांधता वरातीत आली होती.

इनेस म्हणाली, "शेडवर कुणाला तरी विचारून बघू या का?"

दाफिना म्हणाली की असला रोल माझ्या शॉपमधून बाहेर गेला तर सोमवारी लोक मला विचारतील, आणि मग मी काय सांगू? इनेसने ग्राइंडरला स्पॅनिशमध्ये काही सांगितलं. दाफिनाने दगड लावला. फार नाही, कंगोरे जातील इतकंच. जोडी उतरवली तेव्हा दोघींचे चेहरे त्यात स्वच्छ दिसत होते, इनेसचा जरा काळजीचा. दाफिनाने स्वतः गुंडाळून, बांधून ती शेडला रवाना केली आणि घरी जाऊन किरोला सांगितलं, आज कुणाची तरी लाज झाकली बघ.

सोमवारी सकाळी शेडमध्ये पोलाद ओतलं. रोल शॉपला बातमी भोंग्यानेच आली. हातभर पत्रा नीट आला म्हणे, मग त्याच्यावर भेगांचं जाळं पडलं, सुसरीच्या पाठीसारखं, आणि बघता बघता फाटून वरचं सगळं पोलाद खालच्या खड्ड्यात. कुणाला लागलं नाही, हेच नशीब. दुपारी दाफिनाला शेडमध्ये बोलावणं आलं. रोल बाहेर काढून ठेवले होते. काळवंडलेले होते, पण एका टोकाला फडक्याने पुसल्यावर त्यात ट्रेमेनचा चेहरा दिसत होता, आणि तो त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत उभा होता.

"हे कुणी घासले?" त्याने विचारलं.

"मी."

"का?"

"खरखरीत होते."

तो उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, गेला सगळा हिवाळा मी ते खरखरीत कसे करावेत हेच शोधत होतो. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर दाफिनाला बरं वाटलं असतं; ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

ती परत आली तेव्हा लग्नाच्या जागरणाने डोळे सुजलेला मर्व्ह दारातच होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"डॅफ, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"पुसून पाठवा."

"आणि तू काय केलंस?"

"पुसले. जरा जास्त पुसले."

मर्व्हला हसू आलं असतं, पण प्रसंग तो नव्हता. त्याने सांगितलं ते असं: पुढच्या आठवड्यात वरचे साहेब आणि जपानी भागीदार शेड बघायला येणार आहेत, चालू ठेवायची की कुलूप लावायचं ते ठरवायला. तशी दुसरी जोडी तोवर यायची नाही. आणि वरच्यांचं म्हणणं आहे की ज्या बाईला चिठ्ठी पाळता येत नाही तिला ग्राइंडरवर ठेवू नका, परत कोक ओव्हनच्या झाडलोटीला पाठवा. युनियन भांडेल, बैठक होईल, पण भांडायला हातात काही तरी हवं ना. इनेसला पक्की करायचा कागद तर त्यांनी तिथेच थांबवला होता.

दाफिनाला झाडूची भीती नव्हती. झाडू तिने पुष्कळ धरला होता. पण ग्राइंडरची जागा गेली तर ती पुन्हा कुठल्याच बाईला मिळायची नाही, हे तिला मर्व्हने न सांगताच कळलं. आणि खरं सांगायचं तर हा नंतरचा विचार. पहिला विचार होता तो त्या जागेचाच. सकाळच्या उन्हात दगडाखालून पाणी उडतं आणि मळका रोल हळूहळू डोळे उघडतो, ते सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

घरी किरो परसात मिरच्या भाजत होता. त्या दिवसांत चढावरचं प्रत्येक परस लाल मिरच्यांच्या धुराने भरलेलं असायचं. हिवाळ्याचं अय्वार, भाजल्या मिरच्यांची चटणी, तेव्हाच करून बरण्यांत भरायचं. पाठीने कामातून गेलेल्या किरोला एवढं एकच खातं उरलं होतं, आणि तिथे तो कारखान्याच्या मॅनेजरसारखा वागायचा. तिने सगळं सांगितलं. तो मिरच्या उलटत राहिला.

"तू इचारलं न्हाईस कुणाला?"

"कुणाला विचारू? शुक्रवार होता."

"मंगळवार असता तरी इचारलं नसतंस. तू इचारतीस कधी? तू बोट फिरवतीस आन् निकाल देतीस."

"आता तू पण बोल. आज सगळ्यांचीच पाळी आहे."

"मग उद्या जाऊन इचार की त्या इंजिनेराला, खरखरीत कसं करत्यात ते." त्याने चिमटा दाराकडे रोखला. "त्यात काय अवघड? त्ये दार बघ. तुझंच बोट म्हणतंय, याच्याइतकं खरखरीत अख्ख्या चढावर न्हाई. मी केलंय, एका दुपारात."

ती रागाने आत गेली. पण रात्रीचं जेवण झाल्यावर ती परत त्या दारापाशी उभी राहिलेली किरोने पाहिली, आणि शहाणपणाने तो बरण्या मोजायला लागला.

सकाळी ती सरळ शेडमध्ये गेली. ट्रेमेन फोनवर कुणाला तरी विनवण्या करत होता. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, मी काढलेलं मला परत घालता येईल का? तो आधी नाही म्हणाला. मग माप घेऊन रोलाच्या तांब्यावर चढवलेल्या कठीण थराची जाडी बघितली. तिने दगड हलकाच लावला होता. थर अजून शिल्लक होता, पण एकदाच कापण्यापुरता. चुकलं तर संपलं.

"आधी मला सांग," दाफिना म्हणाली, "गुळगुळीत असलं तर बिघडतं काय?"

त्याने फरशीवर खडूने आकृती काढली. गुळगुळीत रोलावर पोलाद सगळीकडे सारखं बसत नाही, इथे चिकटतं, तिथे सुटतं. चिकटलं तिथे साय जाड, सुटलं तिथे पातळ. गोठताना ते आकसतं आणि पातळ जागी फाटतं. कंगोरे असले की पोलाद त्यांच्या टोकांवर टेकतं, सगळ्या टोकांवर एकदम, आणि प्रत्येक टोकापाशी गोठायला सुरुवात होते. मग साय सगळीकडे सारखी. टोकं मात्र टोकंच हवीत, बोथट झाली की पुन्हा तेच रामायण, असं काहीसं तो म्हणाला. दाफिनाने दोनदा ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं की रोल गुळगुळीत का लागतात, आणि तिनेही विचारलं नव्हतं. गुळगुळीत म्हणजे चांगलं, हे तिने जन्मतःच ठरवून टाकलेलं.

वरून परवानगी मिळेना. मर्व्हने स्वतः जाऊन गळ घातली. चूक तिनेच केली, म्हणाला, पण चुकीच्या दिशेला का होईना, तिचा हात सरळच गेला होता. ट्रेमेनही त्याच्या मागे उभा राहिला. नाहीतरी रोल आता भंगारच होते, तेव्हा वरच्यांनीही फार ताणलं नाही.

आधी एका टाकाऊ रोलावर हात बसवायचा होता. लेथवर टोकदार हत्यार लावायचं, रोल फिरवत एकेक बारीक घळ कापत जायचं, दोन घळींच्या मध्ये कंगोरा आपोआप उभा राहतो. कापायला दाफिनाला वेळ लागला नाही. पण रोलावर कापलेला पहिला पट्टा ट्रेमेनने भिंगातून पाहिला आणि मान हलवली. टोकं बोथट होती. दुसराही तसाच निघाला. हत्यार बदललं, तेल बदललं. तिसऱ्या पट्ट्याला तो तिच्या शेजारीच उभा राहिला, तेव्हा कळलं. लेथ थांबला रे थांबला की दाफिनाचा डावा हात एप्रनच्या खिशातून घासायचा छोटा तेलाचा दगड काढायचा आणि कापलेल्या जागेवरून एक हलकासा हात मारायचा. तिला पत्ताही नव्हता. वीस वेळा सांगितलं असतं तरी तिने छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती की मी दगड लावलाच नाही.

"हा काय?" ट्रेमेनने तिच्या मुठीकडे बोट दाखवलं.

दाफिनाने मूठ उघडली. त्या दगडाकडे ती अशी बघत राहिली, की जणू तो दुसऱ्याच कुणी तिच्या हातात ठेवला होता.

मग तिने इनेसला हाक मारली, दगड तिच्या हवाली केला आणि सांगितलं, हा तुझ्या पेटीत घाल, कुलूप लाव, आणि मी मागितला तरी देऊ नकोस. इनेस म्हणाली, बघ हं, मी अजून कच्ची आहे, तू ओरडलीस तर घाबरेन. घाबर, दाफिना म्हणाली, पण देऊ नकोस.

पुढचा पट्टा भिंगातून नीट दिसला. मग खरे रोल चढवले. पहिला झाला. दुसऱ्याला शनिवारची दुपार लागली. शॉपमध्ये या दोघी आणि लांब खिडकीपाशी पेन्सिल चावत ट्रेमेन. शेवटची घळ कापून दाफिनाने लेथ थांबवला आणि फडकं घेऊन तेल टिपायला लागली. फडक्याचे धागे कंगोऱ्यांना अडकून तुटायला लागले. एकेक धागा अडकला की तिच्या खांद्यापर्यंत शिरशिरी जायची. तिचा हात एप्रनच्या खिशात गेला, रिकामा बाहेर आला.

"इनेस, दगड दे."

"नाही."

"अगं, कापताना कड उलटलीय दोन ठिकाणी. तेवढ्यापुरता. टोकांना नाही लावत मी."

"नाही."

"मी तुझी वरची आहे का तू माझी?"

"तूच वरची." इनेस पेटीवर बसली आणि मांडीवर हात ठेवले. "तू वरची म्हणूनच मी बसलेय. तूच सांगितलंस ना, मागितला तरी देऊ नकोस."

"तुझा कागद माझ्या सहीवर आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. नको करूस सही. माझं कॅन्टीन आहे, माझी नातवंडं आहेत. पण हा दगड काही तुझ्या हातात येत नाही, दाफिना. शुक्रवारी मी एकदा बोलले आणि गप्प बसले. तेव्हा याच पेटीवर बसले असते तर आज आपण दोघी घरी असतो."

दाफिना मॅसेडोनियनमध्ये तिला बरंच काही म्हणाली. इनेसने स्पॅनिशमध्ये परतफेड केली. खिडकीपाशी ट्रेमेनने पेन्सिल चावायची थांबवली; दोन्ही भाषा कळत नव्हत्या तरी प्रकार त्याला कळला असावा. मग दाफिना खाली बसली, तोंडावर एप्रन घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. इनेसला वाटलं रडतेय. हसत होती. हसता हसताच म्हणाली, बस तशीच, उठू नकोस, मी हे गुंडाळून टाकते.

पाहुण्यांच्या दिवशी ती घरून निघाली तेव्हा किरोने तिच्यामागे उंबऱ्याबाहेर लोटीभर पाणी ओतलं, पाण्यासारखं सुरळीत होऊ दे म्हणून. चुकून थोडं तिच्या बुटावर उडालं. त्यावरून दोघांचं कारखान्याच्या फाटकापर्यंत भांडण झालं, आणि त्यामुळे तिला वाटेत घाबरायला वेळ मिळाला नाही.

शेडमध्ये तिला आणि इनेसला मागच्या कठड्यापाशी उभं केलं होतं. पुढे सूट घातलेली, डोक्यावर नवी कोरी हेल्मेटं ठेवलेली माणसं. वितळलेल्या पोलादाचा हंडा, लेडल, क्रेनवरून आला, त्याची झाप उघडली आणि पांढराफेक उजेड रोलांमध्ये पडायला लागला. दाफिनाने डोळ्यांवरची काच खाली ओढली. खालच्या फटीतून लाल पत्रा उतरला. एक हात, दोन हात. शेडमधली सगळी माणसं त्या ठिकाणी श्वास धरून थांबली जिथे तो नेहमी फाटायचा. पत्रा तिथून पुढे गेला. त्याला घाई नव्हती की थांबायचं नव्हतं. बाजारात निघालेल्या बाईसारखा तो आपला चालत होता. खाली वाकला, सरकत्या पट्ट्यावर चढला, पुढच्या टोकाला गुंडाळला जाऊ लागला, आणि वरून अजून उतरतच होता. इनेस दाफिनाचा दंड इतका आवळून उभी होती की दुसऱ्या दिवशी तिथे निळं उमटलं.

लेडल संपला तेव्हाच पत्रा संपला. या शेडमध्ये असं झाल्यावर काय करायचं ते कुणाला माहीतच नव्हतं. मग क्रेनवाल्याने वरून शीळ घातली. पुष्कळ वेळाने, गुंडाळी निवल्यावर, ट्रेमेनने टोकाचा एक तुकडा कापून मागे आणला. राखी रंगाचा, आणि त्याच्यावर त्या कंगोऱ्यांच्या बारीक सारख्या रेघा उमटलेल्या, नुकत्या विंचरलेल्या केसांसारख्या. पुढे मिलमध्ये एकदा दाबला की त्या जातील, तो म्हणाला. दाफिना म्हणाली की जाऊ देत, पण आज आहेत तर बघू दे. कितीतरी वेळ तिने तो तुकडा उजेडात तिरका धरून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा रेघा असलेला पत्रा तिच्या हातात होता आणि तिला त्यात खोट काढता येत नव्हती.

शेडला कुलूप लागलं नाही. पाहुणे लगेच काही कबूल करून गेले नाहीत, पण पुढच्या ओतकामांची परवानगी देऊन गेले, आणि चढावर तेवढ्यावरही त्या रात्री दोनतीन घरांत मास्तिकाच्या बाटल्या निघाल्या.

बैठक त्यानंतर झाली. दाफिनाला वाटलं होतं, आता सगळं माफ. तसं झालं नाही. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि नियम लागला की इथून पुढे शेडच्या कुठल्याही रोलाला दोन माणसांनी चिठ्ठी वाचून एकमत केल्याशिवाय दगड लावायचा नाही. युनियनच्या माणसाने लगेच विचारलं, दुसरं माणूस कोण? दाफिनाने इनेसचं नाव घेतलं. ती अजून कच्ची आहे, साहेब म्हणाले. मग पक्की करा, दाफिना म्हणाली, मला नाही म्हणणारं दुसरं कुणी या कारखान्यात सापडलंय का तुम्हाला? मर्व्हने तोंडावर हात धरून खोकल्याचं नाटक केलं. इनेस पक्की झाली. दाफिना ग्राइंडरवर राहिली. ताकीद मात्र तिला झोंबली. चढावर बरेच दिवस कुणी चिडवलं की ती विषय बदलायची.

थंडी पडता पडता ट्रेमेन एका सकाळी रोल शॉपला आला. हातात नवं चित्र होतं. या वेळी त्याला कंगोरे निराळे हवे होते, घळी जास्त खोल आणि एकमेकींजवळ. पत्रा अजून वेगाने निघेल असा त्याचा अंदाज होता, पण खात्री नव्हती. जमेल का, त्याने विचारलं. इनेस चित्रावर वाकली, मग दाफिना वाकली. दाफिनाने लेथकडे पाहिलं नाही. तिने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "जमेल की नाही ते नंतर. असं का हवंय, ते आधी आम्हाला दोघींना सांग."

इनेसने कॉफी ओतली, आणि ट्रेमेन सांगायला लागला.